पाणसळीसारखे खांदे

गोल्फच्या मैदानावर आयुष्यात पहिल्यांदा उभे राहिल्यावर माझ्या वडिलांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "हे काम कोणी केलंय?"

समोर कापलेलं गवत होतं, लहानमोठे उंचवटे होते, लांब एक झेंडा फडकत होता. दुसरा कोणी असता तर हवेबद्दल काहीतरी छान बोलला असता. बाबांनी एक डोळा मिटला आणि दुसऱ्याने जमिनीचा अंदाज घेतला. "इथून त्या झाडापर्यंत चार फुटांचा फरक आहे. चार फूट! आणि कोणी तक्रार केली नाही?"

"बाबा, हे असंच असतं."

"असंच असतं म्हणजे? पैसे घेतले असतील ना त्याने?"

बाबा फरशी बसवतात. तीस वर्षं हेच करताहेत. गावातली दवाखान्यांची, दुकानांची, बँकांची जमीन त्यांनी सपाट केली आहे, आणि सपाट नसलेली कोणतीही गोष्ट ते वैयक्तिक अपमान मानतात. आमच्या घरी जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली पोस्टकार्डाच्या जाडीचा तुकडा आहे. हॉटेलात गेलो की ते खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघतात.

अशा माणसाने गोल्फ शिकायचं ठरवलं, त्याला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी इथल्या गोल्फ क्लबच्या मोठ्या हॉलची फरशी बाबांनी बसवली. शेवटची लादी बसली तेव्हा ते गुडघ्यांवर होते. त्यानंतर उद्घाटन झालं, खुर्च्या आल्या, आणि दाराशी पाटी लागली: फक्त सदस्यांसाठी. बाबांना त्या हॉलमध्ये बूट घालून चालत जायचं होतं आणि खुर्चीत बसून चहा मागवायचा होता. एवढंच. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. आईने एकदा मला सांगितलं आणि वर म्हणाली, "विचारू नकोस हं, लाजतात."

सदस्य व्हायला अर्ज लागतो, दोन शिफारशी लागतात आणि खेळाची परीक्षा द्यावी लागते: सहा होल, जास्तीत जास्त छत्तीस फटके, सोबत खेळणारे दोन परीक्षक. बाबांनी वर्षभर गावाबाहेरच्या सरावाच्या जागेत रबराच्या चटईवरून चेंडू मारले. चटई सपाट होती. निदान बाबा गेल्यानंतर तरी होती, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून छोटी पाणसळ काढली (काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की जमीन सपाट, तीच ती पाणसळ) आणि मालकाला चटईचा एक कोपरा उचलायला लावला. त्या चटईवरून बाबा सुंदर खेळायचे. दहापैकी आठ चेंडू सरळ जायचे.

परीक्षेच्या महिनाभर आधी उमेदवाराला मैदानावर तीन होल खेळून बघू देतात. बाबांना त्या तीन होलांना एकतीस फटके लागले. घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला नाही.

मी भौतिकशास्त्रात पदवी घेतली आहे आणि तेव्हा नोकरी शोधत होते. म्हणजे घरी होते आणि सगळ्यांना सल्ले द्यायला मोकळी होते. मी म्हटलं, "बाबा, हा साधा प्रश्न आहे."

"तुझ्यासाठी सगळेच साधे असतात, प्रोफेसरीणबाई."

खरंच साधा होता. जमीन तिरपी असली की चेंडू कुठे जाणार हे आधी सांगता येतं. चढावर उभं राहून मारलं तर चेंडू जास्त उंच उडतो आणि अलीकडेच पडतो. उताराकडे तोंड असेल तर तो खालून, सरपटत गेल्यासारखा जातो. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे वळतो, खाली असेल तर उजवीकडे. मी कागदावर तक्ता केला: किती अंशाच्या चढाला स्टिक किती नंबरने बदलायची, कुठल्या बाजूला किती हात चुकवून नेम धरायचा. आकृत्यांसकट अकरा पानं झाली. पाचव्या पानावर एक त्रिकोणमितीचं सूत्र होतं. त्याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

बाबांनी अकरा पानं चाळली, पाचव्यावर थांबले, आणि म्हणाले, "छान अक्षर आहे."

मग आम्ही आमच्या फरशीच्या दुकानामागच्या गोडाऊनमध्ये प्रयोगशाळा थाटली. लाद्यांची खोकी एका बाजूला सरकवली, प्लायवूडचा एक मोठा तुकडा विटांवर टेकवून आठ अंशांचा चढ केला, वर जुनी सतरंजी ठोकली, समोर जाळी बांधली. बाबा चढावर उभे राहिले आणि मारलं. स्टिक प्लायवूडमध्ये घुसली. दुसऱ्यांदा मारलं. पुन्हा घुसली. तिसऱ्यांदा चेंडू लागला, पण तो छपराला लागून खोक्यांमध्ये पडला आणि एक लादी फुटली.

"खांदे उताराला समांतर ठेवा," मी म्हटलं.

"ठेवलेत."

"नाही ठेवलेले."

"अगं, माझे खांदे आहेत, मला कळतं!"

मी फोनवर चाळीस फटक्यांचं चित्रण केलं आणि रात्री जेवण झाल्यावर प्रत्येक चित्र थांबवून खांद्यांची रेषा मोजली. जमीन आठ अंश तिरपी होती. बाबांचे खांदे क्षितिजापासून सरासरी शून्य पूर्णांक चार अंशांनी तिरपे होते. म्हणजे पायाखाली टेकडी असो, जिना असो की भूकंप असो, हा माणूस वरचा गुडघा वाकवतो, कंबर थोडी फिरवतो, आणि खांदे बरोबर सपाट करतो. तीस वर्षांत शरीरच पाणसळ झालं होतं. खांदे सपाट आणि जमीन तिरपी, मग स्टिक टेकडीत घुसणार नाही तर काय होणार!

मी त्यांना हे आकडे दाखवले. मला वाटलं, आता पटेल.

"शून्य पूर्णांक चार?" बाबांचा चेहरा खुलला. "एवढं अचूक?"

"बाबा, ही चूक आहे!"

"असेल. पण शून्य पूर्णांक चार म्हणजे काम बघ कसलं आहे."

तीन आठवडे असेच गेले. मी पानं वाढवत गेले, सतराव्या पानापर्यंत. बाबा मनापासून ऐकायचे, मान हलवायचे, चढावर उभे राहायचे आणि खांदे सपाट करायचे. परीक्षेला आठ दिवस राहिले होते. एका दुपारी बाबांनी स्टिक भिंतीला टेकवली, खोक्यावर बसले आणि बराच वेळ गुडघा चोळत राहिले. "सोड," ते म्हणाले. "हे आपलं काम नाही. अर्ज मागे घेतो."

तेवढ्यात आई दुकानाच्या चाव्या न्यायला आली. आईचं विज्ञानाशी असलेलं नातं शाळेतच संपलं, आणि दोघांपैकी कोणालाही त्याचं दुःख झालं नाही. ती दारात उभी राहिली, सतरंजी बघितली, भोकं पडलेलं प्लायवूड बघितलं, आमची तोंडं बघितली.

"काय झालं? कोण गेलं?"

"बाबांचे खांदे सपाट राहतात," मी म्हटलं. "उतारासारखे तिरपे व्हायला हवेत."

"मग त्यात काय?" आई म्हणाली. "अहो, बाथरूमला ढाळ काढता ना तुम्ही? पाणी जाळीकडे जायला? तेव्हा ती लांब पट्टी जमिनीवर कशी ठेवता? ढाळावरच टेकवता ना, की हवेत सरळ धरता? तशी धरा." आणि चाव्या घेऊन ती गेली.

बाबा उठले. कोपऱ्यातली सहा फुटांची ॲल्युमिनियमची पट्टी घेतली, छातीवर आडवी धरली, आणि चढावर उभे राहिले. थोडं वाकले, पट्टीकडे बघितलं, मग प्लायवूडकडे, मग परत पट्टीकडे. उजवा खांदा हळूहळू खाली आला. "असा ढाळ?" ते स्वतःशीच म्हणाले. "एवढा जास्त? पाणी नुसतं पळेल इथे." पट्टी ठेवली, स्टिक घेतली, मारलं. चेंडू जाळीच्या मधोमध लागला.

त्या रात्री मी मोजलं. सात पूर्णांक सहा अंश. सतरा पानं मी रद्दीत घातली. पाचवं ठेवलं, अक्षर खरंच छान होतं.

परीक्षेच्या सकाळी दोन परीक्षक आले. क्लबचे कप्तान गावातले दंतवैद्य होते: गुलाबी चेहरा, पांढरी टोपी, कोणाशीही बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायची सवय. सेक्रेटरी वकील होते आणि दर वाक्याआधी घसा साफ करायचे. मी बाबांची बॅग ओढायला सोबत होते. उमेदवाराला एक मदतनीस चालतो, आणि मी दुसरं काही करत नव्हते.

पहिला होल सहा फटक्यांत, दुसरा पाचात. चढावर बाबा जरा वेळ घेत, ओठ हलवून स्वतःशी काही पुटपुटत (मला ऐकू यायचं: "जाळी तिकडे, जाळी तिकडे") आणि मारत. चेंडू सांगितलेल्या ठिकाणी नाही, पण सांगितलेल्या दिशेला जायचा.

मला मात्र वेगळीच गोष्ट दिसायला लागली. गोल्फमध्ये चेंडू पडेल तिथूनच मारायचा असतो. कप्तानांचा चेंडू उतारावर पडला की ते त्याच्याजवळ जात, वाकून बघत, "माझाच आहे ना हा?" असं म्हणत, आणि मग आकाशात ढग शोधत. ढग शोधताना त्यांचा डावा बूट काहीतरी करायचा. ढग सापडेपर्यंत चेंडू सपाट जागेवर आलेला असायचा. सेक्रेटरींची पद्धत जास्त कायदेशीर होती. ते चेंडूपाशी बॅग ठेवायचे, बॅग उचलायचे, आणि बॅगेसोबत चेंडूचं स्थलांतर व्हायचं.

निरीक्षण करायला लागले की मला नोंदी ठेवल्याशिवाय राहवत नाही. पाच होलांत कप्तानांनी अकरा वेळा आणि सेक्रेटरींनी चौदा वेळा चेंडू हलवला. अंतर साधारण एक ते तीन वीत. योगायोगाने हलत असता तर पंचवीसपैकी काही चेंडू तरी जास्त वाईट जागी गेले असते. एकही गेला नाही. गेल्या कित्येक वर्षांत या दोघांपैकी कोणी तिरप्या जमिनीवरून चेंडू मारला असेल असं त्यांच्या उभं राहण्यावरून वाटत नव्हतं. परीक्षा मात्र घेत होते.

तिसऱ्या होलवर सेक्रेटरींनी घसा साफ केला. "तुम्ही ते हॉलचं काम केलं होतं ना? छान आहे हं अजून. एका कोपऱ्यात फक्त लादी वाजते."

बाबा थबकले. "कुठल्या कोपऱ्यात?"

"खिडकीकडच्या."

"पोकळ वाजते की सुटल्यासारखी?"

"आता ते मला काय माहीत! वाजते."

"मी येऊन बघतो ना."

"या ना, या," सेक्रेटरी प्रसन्नपणे म्हणाले. "सोमवारी या. मागच्या गेटने."

त्या होलला बाबांना सात फटके लागले. दोनदा चेंडू चुकला, कारण डोळे चेंडूवर होते आणि डोकं खिडकीकडच्या कोपऱ्यात. "बाबा, सोडा ते," मी हळूच म्हटलं. "पोकळ असणारच नाही," ते म्हणाले. "खाली पूर्ण माल भरला होता मी." चौथा होल पाच, पाचवा सहा. माझ्या वहीत एकोणतीस झाले होते. शेवटचा होल सात फटक्यांत संपवला की बाबा पास.

पहिला फटका उत्तम बसला. दुसरा एका उंचवट्याला लागून उडाला आणि पलीकडच्या बाजूला गेला. आम्ही चालत गेलो. चेंडू अशा जागी होता, जिचं वर्णन माझ्या सतरा पानांत "टाळावे" एवढंच होतं: जमीन झेंड्याकडे उतरत होती, आणि शिवाय चेंडू पायांपेक्षा खाली होता. एकाच वेळी दोन दिशांना तिरपं. बाजूला दोन पावलांवर छान सपाट तुकडा होता, ताटासारखा.

बाबा चेंडूकडे बघत उभे राहिले. कप्तान जवळ आले. सकाळपासून पहिल्यांदाच ते दातांकडे न बघता डोळ्यांकडे बघून बोलले.

"अहो, कशाला जिवाला त्रास? घ्या जरा सरकवून."

"सरकवून म्हणजे?"

"म्हणजे तिथे. सपाटीवर. आपल्यातच आहे सगळं. सगळेच करतात."

सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि पाठ फिरवून झाडांची पाहणी सुरू केली.

"आपल्यात" हा शब्द मी नीट ऐकला. नऊ वर्षं बाबा ज्याची वाट बघत होते तो हाच होता, आणि तो मिळवण्याची किंमत होती बुटाचा एक हलका धक्का. मी मनात हिशेब केला. सपाटीवरून बाबा चार फटक्यांत सहज संपवतील. इथून चेंडू कुठेही जाऊ शकतो, उजवीकडच्या झुडपात तर नक्कीच. मी शास्त्राची विद्यार्थिनी. मी जवळ गेले आणि म्हटलं, "बाबा, सरकवा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. लहानपणी मी भिंतीवर चित्रं काढली होती तेव्हा बघितलं होतं तसं बघितलं. मग कप्तानांकडे वळले.

"साहेब, सपाट तर मी रोजच करतो," ते म्हणाले. "त्यासाठी इथे कशाला येऊ?"

कप्तानांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला.

बाबांनी दोन्ही गुडघे वाकवले, खाली बसले जवळजवळ. लादी ठोकायला बसतात तसे. डावा खांदा खाली सोडला. नेम झेंड्याच्या खूप डावीकडे धरला, इतका की सेक्रेटरी झाडांची पाहणी सोडून बाजूला सरकले. ओठ हलले. मारलं. आवाज स्वच्छ आला, गवत उडालं नाही. चेंडू कमरेएवढ्या उंचीवरून सणसणत डावीकडे निघाला, आणि मग अगदी सावकाश, कोणीतरी समजूत घातल्यासारखा, उजवीकडे वळत गेला. जमिनीला लागला, उतारावरून पळाला, पळतच राहिला, आणि झेंड्याच्या अलीकडे पंधरा पावलांवर थांबला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी वहीत तिसरा फटका लिहिला.

चौथा फटका झेंड्याजवळ, पाचवा भोकाच्या काठावर, सहावा आत. एकूण पस्तीस.

"पस्तीस," मी मोठ्याने म्हटलं.

"हं," सेक्रेटरी म्हणाले. "कळवतो."

आठ दिवसांनी पत्र आलं. जाड कागद, वर क्लबचं चिन्ह. बाबांचे हात सिमेंटचे होते म्हणून मी दुकानात उभ्या उभ्या वाचलं. उमेदवाराचे फटके निर्धारित मर्यादेत होते, असं पत्रात मान्य केलं होतं. तथापि, सहखेळाडूंच्या मैत्रीपूर्ण सूचनांना प्रतिसाद देण्यात उमेदवाराकडून पुरेशी लवचिकता दिसून न आल्याने तूर्त सदस्यत्व देता येत नाही. उमेदवार सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षेस बसू शकतो. अशा संधींच्या संख्येवर मर्यादा नाही. सोबत कोरा अर्ज जोडला आहे.

"लवचिकता!" मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि त्याचा राग येत होता. "दोन दिशांच्या उतारावर गुडघे जमिनीला टेकेपर्यंत वाकलेला माणूस लवचिक नाही! पंचवीस वेळा चेंडू हलवलाय त्यांनी, माझ्याकडे होलवार नोंद आहे! आपण लिहू या, बाबा, सगळं लिहू या."

"तुला वाटतं त्यांना माहीत नाही?" बाबा म्हणाले.

ते हात धुऊन आले, पुसले, माझ्याकडून पत्र घेतलं आणि स्वतः वाचलं, शेवटच्या ओळी दोनदा. तोंडावर काय होतं ते मला ओळखता आलं नाही. दुःख होतं, ते मला माहीत होतं. पण खाली अजून काहीतरी होतं.

"मर्यादा नाही म्हणजे?" त्यांनी विचारलं. "कितीही वेळा?"

"हो."

"दर सहा महिन्यांनी सहा होल? आणि ते दोघं सोबत खेळणार?"

"नियमच आहे तसा. परीक्षकांनी सोबत खेळायचं."

आई गल्ल्यामागे बसून सगळं ऐकत होती. "अहो, पुरे झालं आता," ती म्हणाली. "नाही ना घेत, राहू दे. चहा मी देते खुर्चीत बसवून."

"तो तर घेणारच आहे." बाबांनी स्टूल ओढलं, हलवून बघितलं, बसले, आणि कोरा अर्ज माझ्यासमोर सरकवला. "लिही. माझं अक्षर नको, वाचता येत नाही."

मी पेन घेतलं. नाव, पत्ता, व्यवसाय. व्यवसायाच्या रकान्यात मी फरशीकाम लिहिलं. सगळ्यात खाली एक रकाना होता: विशेष विनंती, असल्यास.

"आहे," बाबा म्हणाले. "लिही. दोन्ही परीक्षकांनी चेंडू जिथे पडेल तिथूनच मारावा. मोजायला माझी मुलगी सोबत असेल."

"असं लिहिलंत तर जन्मात घेणार नाहीत ते तुम्हाला," आई म्हणाली.

बाबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. मग त्यांनी अर्जावर बोट ठेवलं.

"ठळक अक्षरात लिही," ते मला म्हणाले.